सिंथ, स्टुडिओ आणि रिकामा खिसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक म्युझिक करायचंय पण गिअर, म्हणजे यंत्रसामग्री, परवडत नाही, या रडगाण्याचे जेवढे प्रकार कानावर येतात ते सगळे इथे एका जागी घेतलेत. उत्तरं तटस्थ वगैरे नाहीत. माझं एकच म्हणणं आहे आणि ते अधूनमधून डोकावत राहील: नेमकं कुठलं काम अडलंय हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर खरेदी पुढे ढकला.

अगदी शून्यापासून सुरुवात करायला किमान काय लागतं?

एक कॉम्प्युटर, एक बरा हेडफोन आणि डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंग, अरेंजमेंट, मिक्सिंग सगळं जिथे होतं ते सॉफ्टवेअर. बस. कॉम्प्युटर नवाच हवा असं काही नाही, पण एसएसडी आणि ८ जीबी रॅम तरी असू दे, १६ असेल तर सुखाने काम होतं. जुन्या मशीनवर आवाज अडखळायला लागला तर ट्रॅक फ्रीझ करायचा, मग त्या ट्रॅकवरचा प्लगइन, म्हणजे डीएडब्ल्यूच्या आत चालणारं वाद्य किंवा इफेक्ट, दर वेळी सगळा हिशोब नव्याने करत बसत नाही, नुसती ऑडिओ फाइल वाजते. ही सोय जवळपास प्रत्येक डीएडब्ल्यूमध्ये असते, पण लोक ती न वापरता थेट नवा लॅपटॉप बघायला लागतात.

मिडी कीबोर्ड, म्हणजे कुठली नोट दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारा पियानोसारखा कीबोर्ड, पहिल्या दिवशी लागत नाही. माउसने नोट्स टाकता येतात, कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरूनही वाजवता येतं. पुढे घ्यायचाच झाला तर २५ कीजचा छोटा घ्या, आणि घेताना सोबत कुठलं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय ते बघा, कारण बऱ्याच अशा कीबोर्डबरोबर एबलटन लाइव्ह लाइट हे डीएडब्ल्यू येतं आणि वर दोनचार सिंथ, म्हणजे आवाज घडवणारे सिंथेसायझर, प्लगइन म्हणून.

फुकटची सॉफ्टवेअर खरंच चालतात की नुसती खेळणी असतात?

चालतात. चालतात म्हणजे काय, आज जे फुकट मिळतंय ते बघून वीस वर्षांपूर्वी पैसे मोजलेल्या माणसाला रडू येईल. सर्ज हा सिंथ आधी विकत मिळायचा, २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने तो ओपन सोर्स केला आणि आता सर्ज एक्सटी या नावाने लोक तो एकत्र मिळून वाढवतायत. व्हायटल २०२० मध्ये आला, त्याच्या फुकट आवृत्तीत इंजिन तेच आहे, फक्त प्रीसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबल (आवाज घडवायच्या कच्च्या लाटा) कमी मिळतात. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या डीएक्स७ या जुन्या सिंथचा सॉफ्टवेअर अवतार, त्यात जुन्या डीएक्स७ चे साउंड बँक जसेच्या तसे लोड होतात, आणि त्या काळापासून लोकांनी बनवून ठेवलेले साउंड इतके आहेत की आयुष्य पुरणार नाही. इफेक्टमध्ये व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह रिव्हर्ब-डिलेसाठी, म्हणजे घुमारा आणि प्रतिध्वनीसाठी, टीडीआर नोव्हा इक्यूसाठी, म्हणजे हव्या त्या फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करायला, आणि मिक्समध्ये कुठे गर्दी झालीय ते डोळ्यांनी बघायला व्होक्सेंगो स्पॅन. तिन्ही फुकट.

एक गडबड मात्र सगळेच करतात. एका संध्याकाळी पन्नास प्लगइन डाउनलोड करायचे आणि मग प्रत्येकाचे प्रीसेट चाळत बसायचं. एक सिंथ निवडा, इनिट पॅचवर या, म्हणजे सगळं कोरं करा, आणि तिथून स्वतः आवाज बनवा.

म्हणजे नेमकं काय करायचं? एखादं उदाहरण द्या ना.

किक ड्रम घ्या. त्यासाठी ड्रम मशीन लागत नाही, सॅम्पल पॅकही नाही. कुठल्याही सिंथमध्ये एक साइन वेव्ह ठेवा. एन्व्हलप म्हणजे आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा भाग. व्हॉल्यूमच्या एन्व्हलपला अटॅक (चढायचा वेळ) शून्य, सस्टेन (धरून ठेवायची पातळी) शून्य, डीके (उतरायचा वेळ) साधारण ३०० मिलिसेकंद. आता दुसरा एन्व्हलप पिचला, म्हणजे सुराच्या उंचीला, लावा, त्याचा डीके अगदी छोटा, ४०-५० मिलिसेकंद, आणि अमाउंट इतकी की आवाज वरून कुठून तरी ३००-४०० हर्ट्झवरून घसरत ५० हर्ट्झच्या आसपास येऊन थांबेल. झाली किक. पिचचा डीके वाढवला की लेझर गनसारखा प्यूं आवाज येतो, कमी केला की नुसती टकटक, आणि या दोन्हीच्या मध्ये तुम्हाला हवी ती किक सापडते. वर थोडं डिस्टॉर्शन लावलं की टेक्नोची किक. त्याच सिंथमध्ये ऑसिलेटरच्या (लाट बनवणाऱ्या भागाच्या) जागी नॉइज, म्हणजे नुसती सळसळ, घेऊन हायपास फिल्टर (खालच्या फ्रीक्वेन्सी कापणारा) वर चढवला आणि डीके बारीक केला की हाय-हॅट. नॉइज आणि साइन दोन्ही मिसळून मधला डीके ठेवला की कामचलाऊ स्नेअर.

हे एकदा हाताला बसलं की दुकानातल्या निम्म्या वस्तू विकत घ्यायची गरज वाटेनाशी होते. सबट्रॅक्टिव्ह सिंथ, म्हणजे भरगच्च लाटेतून फिल्टरने नको ते कापणारे, सगळे आतून सारखेच असतात, ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप, एलएफओ (आवाज आपोआप मागेपुढे हलवत ठेवणारा भाग). नॉबची जागा बदलते इतकंच.

कुठलं डीएडब्ल्यू घेऊ?

मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. नसेल तर रीपर, ६० दिवस पूर्ण सुविधांसकट वापरून बघता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवानाही बाकीच्यांच्या मानाने फारच स्वस्त. वेव्हफॉर्म फ्री आणि एलएमएमएस फुकट आहेत. एफएल स्टुडिओचं एक चांगलं, एकदा घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट, फक्त ट्रायलमध्ये सेव्ह केलेलं प्रोजेक्ट परत उघडता येत नाही हे लक्षात ठेवा नाहीतर रात्रभर काम करून सकाळी कपाळावर हात मारायची वेळ येते. कुठलंही घ्या आणि दोनतीन वर्षं बदलू नका.

क्रॅक, म्हणजे परवाना फोडून चकटफू केलेलं सॉफ्टवेअर, वापरला तर काय बिघडतं?

पकडले जाल की नाही ते सोडा, ज्या मशीनवर तुमची सगळी प्रोजेक्ट आहेत तिथे कोणी अनोळखी माणसाने फोडलेली फाइल ॲडमिन परवानगी देऊन चालवायची हेच मला पटत नाही. शिवाय दोन वर्षांनी ऑपरेटिंग सिस्टम बदलते, क्रॅक चालेनासा होतो आणि जुनी गाणी उघडत नाहीत. इतकं चांगलं फुकट मिळत असताना कशाला.

फोन किंवा टॅबलेटवर होतं का?

होतं. कोआला सॅम्पलर हे ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर आहे, फोनच्या माइकने काहीही रेकॉर्ड करायचं, भांड्यांचा आवाज, दाराची करकर, आणि त्याचे तुकडे पॅडवर वाजवायचे. आयपॅड असेल तर कॉर्ग गॅजेट आणि मूग कंपनीचं मॉडेल डी ही सिंथ ॲप सुद्धा आहेत. अँड्रॉइडवर लेटन्सी, म्हणजे दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, जास्त असू शकते म्हणून तिथे लाइव्ह वाजवण्यापेक्षा सीक्वेन्स करणं, म्हणजे नोट्स आधी मांडून ठेवणं, सोपं जातं. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका, आवाज इतका उशिरा येतो की ताल धरताच येत नाही. वायरचाच लावा.

सॉफ्टवेअर इतकं चांगलं आहे तर हार्डवेअर घ्यायचंच कशाला?

आवाजासाठी नाही. म्हणजे फरक असतो, सोलो ऐकला तर कळतो, पण ड्रम आणि बाकीचे ट्रॅक वाजायला लागले की भले भले ओळखू शकत नाहीत. घ्यायचं ते हातांसाठी. एका हाताने फिल्टर आणि दुसऱ्याने रेझोनन्स (फिल्टर कापतो तिथला ठसका) फिरवताना जे होतं ते माउसने होत नाही, आणि समोर पर्याय मोजकेच असल्यामुळे तुम्ही निर्णय घेता आणि पुढे जाता. दुसरं कारण रोकडं आहे. चांगला सेकंडहँड सिंथ नीट वापरून दोन वर्षांनी विकला तर घेतलेल्या किमतीच्या जवळपास पैसे परत येतात. प्लगइनचे सहसा येत नाहीत.

मग पहिला हार्डवेअर सिंथ कुठला?

नावं सांगतो पण आधी काय बघायचं ते. एकेका कामाला स्वतंत्र नॉब आहे का, की सगळं मेनूत खोदत बसायचं? यूएसबी किंवा मिडी आहे का? बनवलेला आवाज सेव्ह होतो का? आत सीक्वेन्सर, म्हणजे नोट्सचा क्रम लक्षात ठेवून वाजवणारा भाग, आहे का? चारपैकी तीन उत्तरं हो आली की झालं.

आर्टुरिया मायक्रोफ्रीक २०१९ मध्ये आला, ऑसिलेटर डिजिटल, फिल्टर ॲनालॉग (आकड्यांच्या हिशोबाऐवजी थेट विजेच्या सर्किटवर चालणारा) आणि सपाट टच कीबोर्ड, जो काहींना आवडतो आणि काहींना अजिबात नाही. कंपनीने नंतर फर्मवेअर अपडेटमधून फुकटात बऱ्याच गोष्टी वाढवल्या त्यामुळे जुना पीस घेतला तरी नव्याइतकाच चालतो. कॉर्ग मिनिलॉग २०१६ चा, चार व्हॉइसचा ॲनालॉग पॉलिसिंथ, म्हणजे एका वेळी चार नोट्स वाजतात, कॉर्ड वाजवायचे असतील तर सेकंडहँडमध्ये हा शोधा. कॉर्गचीच व्होल्का मालिका २०१३ पासून आहे, पेन्सिल सेलवर चालते आणि सगळ्यात स्वस्तात हातात खरं यंत्र येतं, पण व्होल्का कीजमध्ये बनवलेला आवाज सेव्ह होत नाही, आवडला तर लगेच रेकॉर्ड करा किंवा नॉबचा फोटो काढा. आउटपुटही हेडफोनच्या छोट्या जॅकमधून घ्यावं लागतं.

तीन व्होल्का घेण्यापेक्षा एक मिनिलॉग घ्या असं मी म्हणेन. तीन छोट्या यंत्रांना तीन ॲडाप्टर, तीन केबल, वर मिक्सर, आणि बघता बघता त्याच पैशात मोठं यंत्र आलं असतं.

बेहरिंगर कंपनी जुन्या नावाजलेल्या सिंथच्या स्वस्त नकला काढते, ते क्लोन घ्यावेत का?

घ्यायचे तर घ्या. मूग कंपनीचा मिनीमूग सिंथ १९७० चा, त्याच्या फिल्टरचं पेटंट कधीच संपलंय, त्यामुळे जुन्या सर्किटची नक्कल करणं यात बेकायदेशीर काही नाही. ज्यांना अस्सल मिनीमूग सात जन्मात परवडला नसता त्यांच्या टेबलावर तो आवाज आला ही गोष्ट मोठी आहे. माझी कुरकुर वेगळी आहे, आज बाजारात असलेल्या लहान कंपन्यांच्या डिझाइनच्या जवळ जाणाऱ्या वस्तू कोणी काढल्या की नवीन काही बनवणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. पन्नास वर्षं जुन्या यंत्राच्या नकलेबद्दल मला काही वाटत नाही. आणि मिनीमूगसारखाच बेहरिंगरच्या मॉडेल डी या नकलेमध्येही आवाज सेव्ह होत नाही, हे घेण्याआधी माहीत असू दे.

आधीच्या लोकांनी कसं केलं? त्यांच्याकडे तरी कुठे पैसे होते?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

रोलँडने टीबी-३०३ हे छोटं चंदेरी यंत्र १९८१ च्या शेवटी काढलं, गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना बेस गिटारची साथ मिळावी म्हणून. बेस गिटारसारखं ते बिलकुल वाजायचं नाही आणि त्यात सूर भरणं म्हणजे डोक्याला ताप. सुमारे १०,००० नग बनवून १९८४ मध्ये बंद केलं. मग ते जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळायला लागलं आणि शिकागोतल्या ज्या पोरांना महागडी यंत्रं घेणं शक्य नव्हतं त्यांच्या हाती पडलं. फ्युचर नावाच्या ग्रुपने ते सीक्वेन्स चालू ठेवून नुसते फिल्टरचे नॉब पिळले, १९८७ मध्ये रेकॉर्ड आली, आणि ॲसिड हाउस हा डान्स म्युझिकचा प्रकार जन्माला आला. रोलँडच्याच टीआर-८०८ या ड्रम मशीनची कथाही याच वळणाची, १९८० ते १९८३, साधारण १२,००० नग, ड्रम खरे वाटत नाहीत म्हणून नाकं मुरडली गेली, आणि नंतर अर्धं हिप-हॉप त्यावर उभं राहिलं.

स्वस्त होण्यामागे अजून एक कारण होतं. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ आला, १६ नोट्स एकदम, स्वच्छ बेल आणि इलेक्ट्रिक पियानो, आणि सगळ्यांना तोच हवा झाला. जड, सुरातून सरकणारे ॲनालॉग सिंथ लोकांनी मिळेल त्या भावाला काढून टाकले. जे आज सोन्याच्या भावाने विकलं जातं ते तेव्हा अडगळ होतं.

आणि मेमरी! ईम्यू एसपी-१२०० हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे रेकॉर्ड करून वाजवणारं यंत्र, १९८७ चा, सॅम्पलिंगसाठी एकूण १० सेकंद जागा, १२ बिट. मग लोक काय करायचे, ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर वाजवून सॅम्पल करायचे म्हणजे ते कमी जागेत मावायचं, आणि यंत्रात पुन्हा हळू करून मूळ वेगावर आणायचे. त्यात आवाज खरखरीत आणि जाडा व्हायचा. जागा वाचवायला केलेली ती युक्ती, आज तोच आवाज मिळावा म्हणून लोक प्लगइन विकत घेतात, म्हणजे बघा.

मग आजची अडगळ कुठली?

आता कसं बोललात. मेनूवाले डिजिटल रॅक मॉड्यूल, म्हणजे कीबोर्डशिवायचे डब्यासारखे सिंथ. रोलँड जेव्ही-१०८० हा १९९४ चा, ६४ व्हॉइस, नव्वदच्या दशकातल्या डान्स म्युझिकपासून टीव्ही मालिकांच्या संगीतापर्यंत सगळीकडे वाजलाय. यामाहा टीएक्स८१झेड १९८७ चा, चार ऑपरेटरचा एफएम, म्हणजे एका लाटेने दुसरी लाट हलवून आवाज काढणारा डीएक्स७ च्या जातीचा, त्यातला एक बेस प्रीसेट हाउसवाल्यांनी घासून घासून वापरलाय. ईम्यू प्रोटियस १९८९ चा. कीबोर्ड नाही, दिसायला काळा डबा, छोटा डिस्प्ले, त्यामुळे फोटोत शोभत नाहीत आणि म्हणूनच भाव कमी. फुकट एडिटर सॉफ्टवेअर शोधा, कॉम्प्युटरवरून नॉब फिरवल्यासारखं करता येतं. यांचीही किंमत हळूहळू चढायला लागलीय हं, कोणी नावाजलेल्या माणसाने व्हिडिओत दाखवलं की महिनाभरात भाव वर.

सेकंडहँड बघायला गेल्यावर काय काय तपासू?

हेडफोन, एक मिडी केबल आणि वेळ, तिन्ही घेऊन जा. घाई करणारा विकणारा असेल तर उठून या.

यंत्र बंद असताना हातात घ्या. आत काही खडखडतंय का, बॅटरीचा कप्पा उघडून हिरवी-पांढरी बुरशी आहे का, स्क्रू कोणी आधी उघडलेत का. चालू केल्यावर लगेच वाजवू नका, दहापंधरा मिनिटं गरम होऊ द्या, ॲनालॉगमध्ये बऱ्याच कुरबुरी तापल्यावरच बाहेर येतात. मग प्रत्येक नॉब सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरखर झाली तर धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेकदा जाते, त्यावर भाव पाडून घ्या. पण नॉब फिरवताना व्हॅल्यू उड्या मारत असेल तर तो पार्ट बदलावा लागेल. प्रत्येक की हळू आणि जोरात. एखादी की दरवेळी फुल जोरात वाजत असेल तर आतल्या रबर कॉन्टॅक्टची सफाई हवी, ते घरी जमतं.

जुना पॉलिसिंथ असेल तर व्हॉइस मोजा. सहा व्हॉइसचा असेल तर एकच की सावकाश सहासात वेळा दाबा, कारण आत सहा वेगवेगळी सर्किट आळीपाळीने वाजत असतात, आणि पाच वेळा सारखा आवाज येऊन सहाव्याला फाटका, बारीक किंवा आवाजच नाही असं झालं की एक व्हॉइस गेलाय. रोलँड ज्युनो-१०६, १९८४ चा, यासाठी बदनाम आहे, त्याच्या व्हॉइस चिप वयानुसार मरतात. दुरुस्ती होते, बदली चिपही मिळतात, पण तो खर्च किमतीतून वजा व्हायला पाहिजे.

मेमरी टिकते का बघा, एक आवाज सेव्ह करून यंत्र बंद-चालू करा. गेला तर आतली बॅटरी संपली, बदलणं फार अवघड नाही पण काही यंत्रांत ती सोल्डर केलेली असते. फ्लॉपीचा सॅम्पलर असेल तर ड्राइव्ह चालत नाही असं धरूनच चला, त्या जागी यूएसबीवाला एम्युलेटर बसतो. शेवटी सगळे सॉकेट, दोन्ही आउटपुट, मिडी इन आणि आउट, पेडल. हे लोक विसरतात आणि घरी येऊन कळतं की उजवा आउटपुट हलवल्याशिवाय वाजत नाही.

बाहेर देशातून मागवलं तर?

व्होल्टेज. जपानी बाजारासाठी बनवलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात, अमेरिकेतली १२०, जगात इतरत्र बऱ्याच ठिकाणी २३०. ॲडाप्टर बाहेर असेल तर नुसता ॲडाप्टर बदलला की काम झालं, पण पॉवर सप्लाय आत असलेलं १०० व्होल्टचं यंत्र २३० च्या भिंतीत खुपसलं तर धूर. मागच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, फोटो मागून घ्या. वर कर आणि शिपिंग धरून किंमत मांडा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेलं महागात पडतं.

ॲडाप्टर दुसरा लावताना तीन गोष्टी: व्होल्ट तंतोतंत तोच, अँपिअर तेवढा किंवा जास्त, आणि पोलॅरिटी. गिटार पेडलचे ९ व्होल्टचे ॲडाप्टर बहुतेक मध्ये निगेटिव्ह असतात आणि बऱ्याच सिंथना मध्ये पॉझिटिव्ह लागतो. यंत्राजवळ गोलाचं छोटं चित्र असतं, ते बघितल्याशिवाय काही जोडू नका.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे सिंथचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा, किती इनपुटचा घेऊ? माझ्याकडे तीन सिंथ आहेत.

दोन इनपुटचा. फोकसराइट स्कारलेट २आय२ च्या वर्गातला कुठलाही, जुना पण चालेल, फक्त तुमच्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी त्याचा ड्रायव्हर अजून मिळतो का ते आधी तपासा, हार्डवेअर ठणठणीत आणि ड्रायव्हर बंद असे कितीतरी इंटरफेस स्वस्तात विकायला असतात. तीन सिंथ एकाच वेळी रेकॉर्ड करायची गरज क्वचित पडते. एक लावा, रेकॉर्ड करा, काढा, दुसरा लावा. यात एक छुपा फायदा आहे, ऑडिओ झाल्यावर तो पार्ट पक्का होतो, रोज रात्री फिल्टरचा कटऑफ थोडा बदलून बघायची सवय सुटते. एकाच सिंथने किक, बेस, पॅड, लीड सगळं थरावर थर रेकॉर्ड केलेलं गाणं करून बघा एकदा.

वाजवलं की आवाज उशिरा येतो. नवा इंटरफेस घेऊ का?

आधी बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून मग पुढे पाठवतो ते. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद, १२८ केला की २.९. वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा थोडा धरा. रेकॉर्ड करताना कमी, मिक्स करताना जास्त. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर) वापरा, तो नसेल तर कुठल्याही इंटरफेसला चालणारा एएसआयओ४ऑल. यातलं काही न करता नवा इंटरफेस घेतला तर तोही उशिराच वाजणार.

हेडफोन की मॉनिटर स्पीकर?

खोली छोटी आणि पैसे कमी असतील तर हेडफोन, यात दुमत नसावं. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते. तुमची खोली त्याच्या निम्मी. मग बेस भिंतींवर आपटून कुठे दुप्पट होतो, कुठे गायब, आणि खुर्ची फूटभर सरकवली की मिक्स बदलतं. अशा खोलीत महागडे मॉनिटर म्हणजे पैशाचा धूर. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही, पातळ फोमनेही फक्त वरच्या फ्रीक्वेन्सी शोषल्या जातात आणि खोली अजूनच घुमी वाटते. बेससाठी जाडी लागते, रॉकवूलचे १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड पॅनल, कोपऱ्यात. लाकडी चौकट करून कापडाने मढवले की घरी बनतात, कापताना मास्क आणि हातमोजे घाला.

हेडफोनमध्ये सोनी एमडीआर-७५०६ कित्येक दशकांपासून बाजारात आहे आणि कान त्यावर एकदा बसले की बाकी काही बघावंसं वाटत नाही. ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स चांगला. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो वेगवेगळ्या इंपीडन्सचा (विजेच्या अडथळ्याचा, जास्त असेल तर जास्त ताकद लागते) येतो, २५० ओहमचा घेऊन लॅपटॉपला लावला तर आवाज पुरणार नाही, ८० चा घ्या. कुठलाही घेतला तरी त्यावर दुसऱ्यांची गाणी भरपूर ऐका, म्हणजे बेस किती असायला हवा ते कानाला कळतं.

युरोरॅक मॉड्युलर, म्हणजे सुटे सुटे भाग केबलने जोडून बनवायचा सिंथ, थोडं थोडं करत जमवलं तर परवडेल ना?

नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पहिलं मॉड्यूल वाजण्याआधी केस आणि पॉवर सप्लाय, मग पॅच केबल, मग व्हीसीए (आवाजाची पातळी कमी-जास्त करणारी मॉड्यूल) कधीच पुरेसे नसतात. ज्याला खरंच ओढ आहे त्याने आधी व्हीसीव्ही रॅक चालवावं, कॉम्प्युटरवरचं फुकट मॉड्युलर. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स ही मॉड्यूल बनवणारी कंपनी २०२२ मध्ये बंद झाली पण त्यांचं डिझाइन ओपन सोर्स आहे, त्यामुळे त्यांची मॉड्यूल तिथे वेगळ्या नावाने फुकट वाजवता येतात. सहा महिने रोज उघडलंत तर मग विचार करा. आणि घेतलंतच तर पॉवरच्या रिबन केबलवरची लाल पट्टी -१२ व्होल्टच्या बाजूला, उलटी लावली तर मॉड्यूल मरू शकतं.

जोडल्यावर घूंऽऽ असा आवाज येतो. सिंथ बिघडलाय का?

बहुतेक नाही, ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांचं ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाऊन गुणगुण शिरते. सिंथ यूएसबीने कॉम्प्युटरला आणि ऑडिओ केबलने इंटरफेसला जोडला की हे होतं. यूएसबी काढून बघा, गेला का? मग यूएसबीऐवजी पाच पिनच्या मिडी केबलने जोडा, मिडी इनपुटमध्ये ऑप्टोकपलर (वायरऐवजी प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) असतो त्यामुळे दोन्ही यंत्रांचं ग्राउंड एकमेकांना चिकटत नाही. मिडी ठरवणाऱ्या १९८३ मधल्या लोकांनी हे आधीच सोडवून ठेवलंय. मिडी नसेल तर आयसोलेटर ट्रान्सफॉर्मर.

हप्त्यावर घेऊ का?

ज्यातून पैसे येतात त्याच्यासाठी एक वेळ ठीक, हौसेसाठी नको. नव्याचे नऊ दिवस संपतात आणि हप्ते चालू राहतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र रेंट-टू-ओन हा प्रकार बरा आहे, स्प्लाइस या साइटवर काही प्लगइन असे मिळतात, महिन्याला थोडे थोडे द्यायचे, मध्ये थांबवता येतं आणि पूर्ण भरले की ते तुमचं. सबस्क्रिप्शनमध्ये पैसे थांबले की प्लगइन थांबतो आणि जुनी प्रोजेक्ट मुकी होतात, म्हणून सबस्क्रिप्शनवर केलेला प्रत्येक ट्रॅक ऑडिओ करून ठेवाच. प्लगइन पूर्ण किमतीला सहसा घेऊ नका, वर्षाच्या शेवटी सेल लागतात. सेकंडहँड परवाने पण मिळतात, काही कंपन्या ट्रान्सफरची फी घेतात, काही करूच देत नाहीत, आणि बंडलमधून आलेले परवाने बऱ्याचदा पुढे देता येत नाहीत. आधी नियम वाचा, मग पैसे.

शेवटचा प्रश्न, घेतलेलं विकायचं असेल तर?

खोका टाकू नका. पहिल्या दिवसापासून माळ्यावर ठेवा, खोका, थर्माकोल आणि मूळ ॲडाप्टर असलेला पीस लवकर जातो आणि भावही बरा मिळतो. विकण्याआधी तुमचे पॅच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, फॅक्टरी रीसेट करा, कंपनीच्या खात्यावर नोंद असेल तर ती काढा. खोट असेल ती आधीच लिहा, फोटोसकट, म्हणजे समोरचा येऊन घासाघीस करत बसत नाही. कुरियरने पाठवताना नॉबवर वजन येऊ देऊ नका, वरून पुठ्ठ्याची चौकट करून नॉबपेक्षा उंच ठेवा, कारण खोक्यावर दुसरा खोका पडणारच आणि मग नॉबखालचा पोटेन्शिओमीटर सर्किट बोर्डवरून उखडून येतो, जो बाहेरून दिसत नाही आणि भांडण मात्र तुमच्याशी होतं.